एकांड्या गांधीलमाशीची नवी प्रजाती : नमुन्यापासून नावापर्यंतची कामं, क्रमाने

कुंभारीण माशीचा फोटो ॲपवर टाकला, कशाशीच जुळला नाही, म्हणून ती नवीन. एवढ्या आधारावर सुरू झालेलं लिखाण बहुतेक वेळा समीक्षकाच्या टेबलावर अडकतं. वर्णन लिहिणं हा या कामातला छोटा भाग आहे. हातातली माशी आधीच नाव मिळालेल्या कुठल्याही प्रजातीची नाही, हे पुराव्यानिशी दाखवणं हा मोठा भाग, आणि चुका तिथेच होतात.

खालची उदाहरणं मुख्यतः युमेनिनी या उपकुळातली, म्हणजे खिडकीच्या चौकटीत मातीचं मडकं बांधणाऱ्या कुंभारणींची आहेत. क्रम मात्र कोळी पकडणाऱ्या पॉम्पिलिडी किंवा स्फेसिडी कुळातल्या माश्यांनाही तसाच लागू पडतो.

## १. जाळी उचलण्याआधी

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नमुने गोळा करायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. राखीव जंगलात वनखात्याला विचारावं लागतं. 'नुसता किडाच तर आहे' हा युक्तिवाद चालत नाही. परवानगीचा क्रमांक शोधनिबंधात छापावा लागतो आणि तो नसेल तर बरीच नियतकालिकं लेख परत करतात.

नमुना शेवटी कुठे जाणार हेही आत्ताच ठरवा. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नवीन प्रजाती सापडली की अधिकृत भांडाराला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असं भांडार आहे. मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला. नमुने कसे टाचलेले हवेत आणि लेबलवर काय हवं, हे त्यांना आधी विचारून घेतलं की पुढचं निम्मं दुरुस्तीकाम वाचतं.

सावधान : परदेशातल्या तज्ज्ञाला 'जरा बघा' म्हणून नमुना पोस्टाने पाठवू नका. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम त्यालाही लागू होतात. फोटो पाठवा.

## २. पकडणं, मारणं, टाचणं

एका नमुन्यावर नवी प्रजाती लिहायला नियमांची आडकाठी नाही, पण तसं करणं बहुधा महागात पडतं. नर आणि मादी, प्रत्येकी निदान पाच, आणि जमल्यास एकाहून अधिक ठिकाणचे नमुने हवेत. त्याशिवाय फरक प्रजातीचा की त्या एका माशीचा, हे सांगता येत नाही.

मारण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा तळ असलेली बरणी आणि त्यावर इथाइल ॲसिटेटचे काही थेंब पुरतात. जास्त ओतलं की काचेवर ओल धरते, अंगावरचे केस चिकटतात आणि मग केसांची लांबी-दिशा काहीच वाचता येत नाही. बरणीत टिश्यूचे तुकडे ठेवा. डीएनए काढायचा असेल तर ते नमुने थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये किंवा फ्रीझरमध्ये, कारण इथाइल ॲसिटेटने डीएनए खराब होतो. सायनाइड नकोच. विषारी तर आहेच, शिवाय त्यात जास्त वेळ राहिलेल्या माश्यांचा पिवळा रंग लालसर पडतो. पिवळ्याचा लाल झालेला पट्टा बघून 'नवी प्रजाती' लिहिणं सहज शक्य आहे.

टाचणी स्टेनलेस स्टीलची, मोठ्या माशीला २ नंबरची, मध्यम माशीला १ किंवा ०. ती छातीच्या वरच्या ढालीत मधोमध न घुसवता थोडी उजवीकडे घाला, म्हणजे मधली रेघ आणि डावी बाजू शाबूत राहते. सहा-सात मिलिमीटरच्या आतल्या माश्या टाचू नका. जाड कागदाच्या त्रिकोणाच्या टोकावर उजव्या कुशीने चिकटवा.

अंग मऊ आहे तोवर तीन कामं उरका : जबडे बारीक टाचणीने उघडा, पाय शरीरापासून दूर करा आणि नराचं जननांग आकड्यासारख्या वाकवलेल्या सुईने थोडं बाहेर ओढा. पुढे अडलेले बहुतेक नमुने जबडे मिटलेले असतात. दात दिसत नाहीत, क्लायपियसची, म्हणजे चेहऱ्याच्या खालच्या ढालीची, खालची कड झाकलेली राहते, आणि युमेनिनीत नेमकी तीच कड लागते.

नमुना वाळला असेल तर बंद डब्यात ओल्या कापसावर जाळी ठेवून त्यावर १२ ते २४ तास ठेवा. बुरशी येऊ नये म्हणून ओव्याच्या फुलाचे, म्हणजे थायमॉलचे, दोन खडे टाका. आयुर्वेदिक दुकानात मिळतात.

## ३. लेबल त्याच दिवशी

लेबलवर देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि पद्धत हवी. अक्षांश-रेखांश दशांश रूपात, चार आकड्यांपर्यंत. त्याने जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी होते. तारखेत महिना रोमन अंकात लिहितात, कारण ५/७ म्हणजे पाच जुलै की सात मे हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.

महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे वेगळं सांगायला नको. जिल्ह्यांची नावंही बदलतात. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. नकाशावरचा आकडा तेवढा बदलत नाही.

तपासा : टाचणीवर लेबल नाही असा एकही नमुना डब्यात नको. 'वहीत लिहिलंय' हे उत्तर नाही. वही आणि नमुना वेगवेगळ्या ठिकाणी जातात.

## ४. घरट्यातून माशी काढायची असेल तर

मातीच्या घरट्यातून निघालेल्या माश्यांचा मोठा फायदा असा, की एकाच घरट्यातले नर-मादी मिळतात आणि ते एकाच प्रजातीचे हे सिद्ध करायला वेगळा खटाटोप लागत नाही. पण इथेच ठळक चूक होते : घरट्यातून जे निघालं तेच घरट्याचं मालक समजणं.

जुन्या मातीच्या घरट्यातून चकचकीत हिरवी-निळी क्रायसिडिडी कुळातली माशी बाहेर येते. ती परजीवी. इक्न्यूमोनिड निघतात, तेही परजीवी. रिकाम्या खोलीत पान कापणारी मेगाकाइल मधमाशी बिऱ्हाड करते आणि त्याच भोकातून बाहेर पडते. मेलिटोबिया नावाच्या बारक्या माश्या तर एका खोलीतून शेकड्याने निघतात आणि डबे एकत्र ठेवले असतील तर शेजारच्या घरट्यांत शिरून सगळं संपवतात.

म्हणून प्रत्येक खोली वेगळी करा, वेगळ्या नळीत ठेवा आणि बारीक विणीच्या कापसाने घट्ट बंद करा. नळीवर घरट्याचा क्रमांक आणि खोलीचा क्रमांक दोन्ही. माशी निघाली तरी उरलेला कोश, विष्ठा आणि भक्ष्याचे तुकडे फेकू नका. खोलीत अळ्यांची डोकी सापडली तर बांधणारी युमेनिनी असण्याची शक्यता मोठी. कोळ्यांचे पाय सापडले तर स्केलिफ्रॉन, ट्रायपॉक्सिलॉन या कोळी साठवणाऱ्या माश्यांकडे किंवा पॉम्पिलिडीकडे वळा. ताज्या खोलीत अंडं छताला बारीक धाग्याने लटकत असेल तर ती युमेनिनीची खूण. स्केलिफ्रॉनचं अंडं कोळ्याच्या अंगावर चिकटवलेलं असतं.

## ५. आधी लिंग, मग कुळ, मग गण

ओळखीच्या कुंजीला, म्हणजे एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्याला, हात घालण्याआधी लिंग ठरवा. मादीच्या अँटेनात १२ खंड, नराच्या १३. पोटाचे दिसणारे खंड मादीत सहा, नरात सात. युमेनिस आणि डेल्टा या गणांत नराचा शेवटचा अँटेना-खंड आकड्यासारखा मागे वळलेला असतो, तो मोजायचा राहून गेला की नराची मादी होते आणि पुढची सगळी कुंजी चुकते.

मग कुळ. युमेनिनी ज्यात मोडतात त्या व्हेस्पिडीत छातीच्या पहिल्या ढालीचा मागचा कोपरा पंखाच्या मुळाशी असलेल्या टेग्युलापर्यंत पोचतो, बसल्यावर पुढचे पंख लांबीच्या दिशेने दुमडलेले असतात आणि डोळ्याची आतली कड खोलगट असते. शेवटच्या खुणेवर एकटीवर विसंबू नका. ट्रायपॉक्सिलॉनचे डोळेही तसेच खाचेचे असतात. त्याच्या पुढच्या पंखात एकच सबमार्जिनल कप्पा (पुढच्या कडेलगत शिरांनी वेढलेला कप्पा) असतो, व्हेस्पिडीत तीन. स्फेसिडीत ढालीचा कोपरा गोल होऊन टेग्युलाच्या अलीकडेच थांबतो. पॉम्पिलिडीत छातीच्या कुशीवर तिरकी खाच असते.

व्हेस्पिडीतल्या व्हेस्पिडीत आपल्याकडे हमखास होणारा घोळ म्हणजे रोपालिडिया. कंबर देठासारखी, अंग तांबूस, म्हणून तिला कुंभारीण समजतात. ती वसाहतीत राहते. नखं बघा : युमेनिनीची दुभंगलेली, रोपालिडियाची साधी. मधल्या पायाच्या पिंढरीवर युमेनिनीत सहसा एक काटा, रोपालिडियात दोन. हे ४० पट भिंगाखाली एका मिनिटात कळतं.

गण ठरवताना कंबरेच्या पहिल्या खंडाची ठेवण, प्रोपोडियमवरच्या, म्हणजे छातीच्या सगळ्यात मागच्या भागावरच्या, कडा, टेग्युला आणि तिच्या मागचा छोटा उंचवटा म्हणजे पॅराटेग्युला यांचा आकार बघायचा. गण नक्की झाल्याशिवाय प्रजातीकडे जाऊ नका. चुकीच्या गणातली प्रत्येक माशी नवीनच वाटते.

## ६. जुनी नावं : सगळ्यात जास्त वेळ इथे

आता यादी करा. त्या गणातल्या फक्त महाराष्ट्रातल्या किंवा भारतातल्या प्रजाती घेऊन भागत नाही. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, वायव्येला पाकिस्तान-इराण आणि अरबस्तान, सगळ्या घ्या. माशीला सीमा नाही आणि घाटातली कित्येक नावं ब्रह्मदेशच्या किंवा सिलोनच्या नमुन्यांवरून दिलेली आहेत.

यादीत तीन रकाने हवेत : आजचं नाव, मूळ नाव आणि सगळी समानार्थी नावं. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. कुणीतरी पूर्वी दोन नावं एकत्र केली आणि एक बाजूला टाकलं. तुमची माशी नेमकी त्या बाजूला टाकलेल्या नावाची निघाली तर प्रजाती वेगळी खरी, पण नाव तयार आहे. अग्रक्रमाच्या नियमाने ते जुनंच वापरावं लागतं आणि तुमचं नाव छापल्या दिवसापासून समानार्थी ठरतं.

भारतातल्या गांधीलमाश्यांसाठी बिंगहॅमचा १८९७ चा खंड अजून सगळे उघडतात. उघडा, पण त्यावर थांबू नका. त्यातल्या युमेनिस आणि ओडिनेरस या गणांचे पुढे कितीतरी तुकडे झाले. तिथली युमेनिस कॉनिका शोधायची तर आता डेल्टा कॉनॉइडियम या नावाखाली जावं लागतं.

प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचा. जुनी वर्णनं अनेकदा लॅटिनमध्ये, चार ओळींची, बहुतेक रंगाची. ती वाचून काही ठरत नाही, म्हणून टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून ते नाव दिलं तो मूळ नमुना, बघावा लागतो. फॅब्रिशियसचे बरेच टाइप कोपनहेगनला, सॉस्यूरचे बरेच जिनिव्हाला, स्मिथ आणि कॅमेरॉन यांचे लंडन-ऑक्सफर्डला. संग्रहालयाला 'फोटो पाठवा' असं मोघम लिहिलं तर वरून काढलेला एक फोटो येतो. नेमकं मागा : समोरून क्लायपियस, वरून पहिला खंड, कुशीवरून दुसरा खंड, मागून प्रोपोडियम आणि सगळी लेबलं.

सावधान : युमेनिनीत रंगावर भरवसा ठेवू नका. एकाच प्रजातीत पिवळे पट्टे रुंद, अरुंद किंवा गायब असू शकतात. आणि एकाच भागात राहणाऱ्या वेगवेगळ्या गणांच्या माश्या रंगाने सारख्या दिसतात. फक्त रंगावर उभी असलेली 'नवी' प्रजाती टिकत नाही.

तपासा : पोटाच्या खंडांच्या फटीत तपकिरी, चपटं टोपण डोकावतंय का? तो स्ट्रेप्सिप्टेरा हा परजीवी. त्याने ग्रासलेल्या माशीचा चेहऱ्याचा रंग आणि ठेवण बदलू शकते, मादीत नराची लक्षणं उतरतात. असा नमुना होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो एक नमुना, म्हणून घेऊ नका.

## ७. मोजमाप आणि शिल्प

शरीराची लांबी सगळे आधी मोजतात आणि ती सगळ्यात कमी भरवशाची. पोटाचे खंड दुर्बिणीच्या नळ्यांसारखे आत-बाहेर सरकतात. म्हणून युमेनिनीत डोक्यापासून दुसऱ्या खंडाच्या टोकापर्यंतच मोजण्याची पद्धत आहे, आणि तसं स्पष्ट लिहायचं. सोबत पुढच्या पंखाची लांबी आणि डोक्याची रुंदी द्या. बाकी सगळं गुणोत्तरात : क्लायपियसची रुंदी भागिले लांबी, त्याच्या टोकाच्या खाचेची खोली, दोन मागच्या साध्या डोळ्यांमधलं अंतर आणि साध्या डोळ्यापासून संयुक्त डोळ्यापर्यंतचं अंतर, पहिल्या खंडाची लांबी आणि कमाल रुंदी.

शिल्प म्हणजे अंगावरचे खळगे आणि रेघा. खळगे लिहिताना 'दाट', 'विरळ' हे शब्द एकटे वापरू नका. अंतर खळग्याच्या व्यासात सांगा. 'दुसऱ्या खंडाच्या मध्यावर खळग्यांमधलं अंतर एका व्यासाहून कमी, कडेजवळ दीड ते दोन व्यास' असं वाक्य दुसऱ्याला तपासता येतं. प्रकाश थेट पडला की खळग्यांच्या कडा चमकतात आणि ते असतात त्याहून खोल वाटतात. नमुन्याभोवती ट्रेसिंग पेपरची नळी उभी केली की पुरे.

जबड्यांचे दात म्हाताऱ्या मादीत माती खणून झिजलेले असतात. पंखांच्या कडा फाटलेल्या असतील तर त्या मादीचे दात मोजू नका, नवीन निघालेली मादी शोधा.

नराचं जननांग वेगळं काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. घाई असेल तर गरम पाण्याच्या भांड्यात नळी धरून पाच-दहा मिनिटं, पण नजर हलवायची नाही. जास्त झालं की पातळ भाग पारदर्शक होऊन हातात काहीच राहत नाही. मग पाण्यात धुवा, त्यात ॲसेटिक ॲसिडचा एखादा थेंब असावा. शेवटी ग्लिसरीन भरलेल्या छोट्या नळीत. ही इवलीशी नळी त्याच नमुन्याच्या टाचणीला टोचून ठेवायची. वेगळ्या डब्यात ठेवलेली जननांगं अनाथ होतात.

## ८. डीएनए : साक्षीदार, न्यायाधीश नव्हे

उजवा मधला किंवा मागचा पाय काढा, डावा तसाच राहू द्या. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा नेहमीचा. त्यातला फरक अमुक टक्क्यांच्या वर गेला की नवी प्रजाती, असा कोणताही नियम नाही. वोल्बाकिया या जिवाणूमुळे आणि केंद्रकात शिरलेल्या खोट्या प्रतींमुळे आकडे फसवे निघतात. शिवाय डेटाबेसमधली नावं कुणीतरी माणसानेच लिहिलेली असतात. 'जुळणारा क्रम नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्या प्रजातीचा क्रम अजून कुणी टाकलेला नाही.

## ९. होलोटाइप आणि वर्णन

होलोटाइप एकच. पूर्ण अँटेना, चारही पंख, उघडे जबडे आणि स्वच्छ लेबल असलेला नमुना निवडा. त्या गणातले जवळचे टाइप ज्या लिंगाचे, शक्यतो त्याच लिंगाचा. नर होलोटाइप आणि शेजारच्या सगळ्या प्रजाती फक्त मादीवरून ठाऊक, अशी जोडी जमली की तुलना करायची कशाशी? होलोटाइप जिथे पकडला ते टाइप ठिकाण होतं, म्हणून लेबल अर्धवट असलेला सुंदर नमुना बाजूला ठेवा.

लेखात वेगळेपण आणि वर्णन हे दोन स्वतंत्र भाग असतात आणि त्यांची सरमिसळ फार होते. वेगळेपण छोटं : जवळच्या प्रजातींची नावं घेऊन तीन ते पाच लक्षणं, दोन्ही बाजूंनी. 'या प्रजातीत खाच उथळ' एवढं अपुरं. तिच्यात किती आणि शेजारणीत किती, दोन्ही आकडे हवेत. वर्णन लांब : होलोटाइपची मापं, रंग, शिल्प, केस याच क्रमाने. पॅराटाइपमधला, म्हणजे वर्णनासाठी वापरलेल्या बाकीच्या नमुन्यांमधला, फरक शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. तो होलोटाइपच्या वर्णनात घुसला की 'मापं १० ते १३ मिलिमीटर' अशी ओळ तयार होते आणि एका माशीला तीन मिलिमीटरचा पल्ला मिळतो.

होलोटाइपला लाल लेबल, पॅराटाइपला पिवळं ही रूढी. नियमात रंगाचा उल्लेख नाही, पण ड्रॉवर उघडणाऱ्याला लाल रंग लगेच दिसतो.

## १०. नाव

नाव आत्ता, आधी नाही. त्या गणात ते पूर्वी वापरलेलं नाही ना, हे बघा. जुन्या नावांसकट आणि आज दुसऱ्या गणात गेलेल्या प्रजातींसकट.

गणाचं व्याकरणातलं लिंग शोधा. युमेनिस पुल्लिंगी, सेरसेरिस स्त्रीलिंगी, डेल्टा आणि स्केलिफ्रॉन नपुंसकलिंगी. विशेषण असलेलं नाव त्याप्रमाणे बदलतं. युमेनिस डिमिडियाटिपेनिस ही माशी डेल्टात आली तेव्हा डेल्टा डिमिडियाटिपेने झाली. तसंच सह्याद्रीवरून नाव द्यायचं तर सेरसेरिसमध्ये शेवट 'एन्सिस', डेल्टात 'एन्से'. माणसाच्या सन्मानार्थ दिलेलं नाव पुरुषासाठी 'आय', एका स्त्रीसाठी 'एई' या लॅटिन प्रत्ययाने संपतं. स्वतःचं नाव देऊ नये. नियम अडवत नाही, लोक हसतात.

## ११. छापणं

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. त्यानुसार लेखात ही प्रजाती नवीन असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, वेगळेपण शब्दांत हवं, होलोटाइप ठरवलेला हवा आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लिहिलेलं हवं. यातलं एक सुटलं तरी नाव ग्राह्य नाही. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात आणखी एक अट : लेखाची झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी, आणि तो नोंदणीचा पुरावा व प्रकाशनाची तारीख लेखातच छापलेली. नोंदणीत नियतकालिकाचा ओळख क्रमांक (आयएसएसएन) आणि लेख जतन होणार त्या संग्रहाचं नाव भरलंय ना, हे स्वतः उघडून बघा. संपादक करतील म्हणून सोडू नका. वर्णन पुरवणी फाइलमध्ये ढकलू नका, पुरवणी ही प्रकाशनात धरली जात नाही.

लेख येईपर्यंत नाव प्रबंधात, परिषदेच्या गोषवाऱ्यात, प्रीप्रिंटमध्ये किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत देऊ नका. बातमीदाराला 'एक नवीन कुंभारीण' एवढंच पुरतं.

लेख छापून आला की भांडाराने दिलेला नोंद क्रमांक होलोटाइपच्या लेबलवर आणि लेखात एकच आहे ना, हे ताडून पाहा. आकड्यांची अदलाबदल इथे नेहमी होते. पॅराटाइप सगळे एकाच कपाटात ठेवू नका, निदान एक नर-मादी जोडी दुसऱ्या सार्वजनिक संग्रहात द्या आणि कोणता नमुना कुठे गेला ते लेख छापण्याआधीच यादीत लिहा.